जुन्या खटल्यातल्या उलटसुलट साक्षी कशा वाचाव्यात

वसाहतकाळातल्या बलात्काराच्या खटल्याचं दफ्तर पहिल्यांदा हातात आलं की बहुतेकजण आधी निकाल काढून वाचतात. तसं करू नका. निकाल एकदा वाचला की प्रत्येक साक्षीदार आपोआप खरा किंवा खोटा दिसायला लागतो आणि पुढचं वाचन म्हणजे न्यायाधीशाच्या मताला पुरावे गोळा करणं होऊन बसतं. निकालाची पानं क्लिप लावून बाजूला ठेवा. वर्तमानपत्रांची कात्रणं त्याच्याही पलीकडे ठेवा.

हा लेख इतिहास, कायदा किंवा स्त्री-अभ्यासाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. मुंबईच्या पुराभिलेखागारात किंवा एखाद्या ग्रंथालयात इंडियन लॉ रिपोर्ट्सचे (छापील निकालसंग्रहाचे) जाडजूड खंड उघडून बसलेल्या आणि ‘आता यातलं कोणाचं खरं धरायचं?’ या प्रश्नाशी अडलेल्या माणसासाठी. उदाहरणं दोन घेतो. पहिलं होनोलुलूचं, १९३१ सालचं, हवाई बेटं अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश होती तेव्हाचं. दुसरं कलकत्त्याचं, १८९० सालचं. पहिल्यात सत्तेच्या बाजूच्या बाईवर डोळे मिटून विश्वास ठेवला गेला. दुसऱ्यात कायद्याने मूळ प्रश्न कोर्टात येऊच दिला नाही. ही दोन टोकं शेजारी ठेवली नाहीत तर ‘बायका खोटं बोलतात’ किंवा ‘बायका कधीच खोटं बोलत नाहीत’ यातलं एक काहीतरी पाठ करून माणूस बाहेर पडतो, आणि दोन्ही निरुपयोगी आहेत.

कायदा काय विचारत होता?

साक्षीदार आपल्या मनात असेल ते सांगत नाही. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो, आणि प्रश्न ठरतात आरोपाच्या कलमावरून. म्हणून दफ्तरातलं पहिलं वाचायचं पान आरोपपत्राचं.

कलकत्त्यात १८९० साली फुलमणी दासी नावाची मुलगी नवऱ्याने केलेल्या संभोगानंतर रक्तस्राव होऊन काही तासांत गेली. खटल्यात तिचं वय सव्वाअकरा वर्षं धरलं गेलं. नवरा हरिमोहन मैती पूर्ण वाढलेला पुरुष. आजचा वाचक इथे बलात्काराचं कलम शोधत बसतो आणि त्याला ते सापडत नाही. १८६० च्या दंडसंहितेत पत्नी दहा वर्षांपेक्षा मोठी असेल तर पतीचा संभोग हा बलात्कार नव्हताच. त्यामुळे ज्यूरीपुढे प्रश्न आले ते सदोष मनुष्यवधाचे, निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्याचे आणि गंभीर दुखापतीचे. मुलगी तयार होती का, तिने विरोध केला का, हे कोणी विचारलंच नाही, कारण त्याने निकालात फरक पडणार नव्हता. आता समजा तुम्ही लिहिलंत की ‘साक्षीत विरोधाचा उल्लेख नाही’. वाक्य खरं आहे, आणि तरीही वाचकाची दिशाभूल करतं. उल्लेख नसण्याचं कारण साक्षीदारांत नाही, कलमात आहे.

याच खटल्यानंतर १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला आणि वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. अशा कायद्यासाठी बेहरामजी मलबारींचा खटाटोप, टिळकांचा ‘केसरी’तून विरोध, कायद्याच्या बाजूने भांडारकरांचा शास्त्राधार हा सगळा आपल्याकडचा गदारोळ त्या वेळचा. पण पुण्यातला वाद हा साक्षीपुरावा नव्हे. फुलमणीबद्दल पुण्या-मुंबईच्या पत्रांत जे छापून आलं, त्यातलं बरंच दुसऱ्या-तिसऱ्या हाताचं होतं. वेगळ्या वहीत टिपा.

कोण कधी बोललं, त्या क्रमाने लावा

दफ्तरात साक्षी ज्या क्रमाने लावलेल्या असतात, तो वकिलाचा क्रम असतो. तुम्हाला हवा तो बोलण्याचा क्रम. त्या काळच्या हिंदुस्थानातल्या सेशन्सच्या खटल्यात एकच साक्षीदार सहसा तीनदा बोलायचा: आधी पोलिसांपुढे, मग खटला वर पाठवणाऱ्या मॅजिस्ट्रेटपुढे, मग सेशन्स कोर्टात. तीनही जबान्या मिळाल्या तर एका पानावर तीन रकाने पाडा. कुठली गोष्ट कितव्या जबानीत पहिल्यांदा आली, हे रकान्यात लगेच दिसतं.

पहिली जबानी सर्वांत खरी, असा नियम मात्र करू नका. धक्क्यातला माणूस वेळ चुकतो, लाजेने अर्धं सांगतो. ‘उशिरा सांगितलं म्हणजे खोटं’ हा तर बलात्कारपीडितांविरुद्ध शतकानुशतकं वापरलेला हुकमी पत्ता आहे. बघायचं ते हे: दोन जबान्यांच्या मधल्या काळात त्या माणसाच्या कानावर नवीन काय पडलं?

होनोलुलूच्या प्रकरणात हा प्रश्न सगळ्यांत जास्त कामाला येतो. १२ सप्टेंबर १९३१ च्या शनिवारी रात्री थेलिया मॅसी ही नौदल अधिकाऱ्याची वीस वर्षांची पत्नी होनोलुलूच्या वाइकिकी भागातल्या अला वाइ इन या नाइटक्लबमधून एकटीच बाहेर पडली. मध्यरात्र उलटल्यावर, साधारण एकच्या आधी, अला मोआना रस्त्यावर एका मोटारीतल्या लोकांना ती सापडली. जबडा मोडलेला होता. तरुणांच्या टोळक्याने मारलं एवढंच तिने त्यांना सांगितलं, आणखी काही केलं का याला नाही म्हणाली, पोलीस नकोत म्हणाली. घरी गेल्यावर नवऱ्याला बलात्काराचं सांगितलं आणि त्याने पोलिसांना फोन केला. गाडीत अनोळखी माणसांपुढे ‘नाही’ आणि घरी नवऱ्यापुढे ‘हो’, यात मला काहीच संशयास्पद वाटत नाही. कुठलीही बाई असं करेल.

गाडीच्या नंबरचं प्रकरण वेगळं. सुरुवातीला तिने सांगितलं की अंधार होता, नंबर दिसला नाही, माणसं ओळखता यायची नाहीत. काही तासांनी पोलीस ठाण्यात तिने नंबर सांगितला: ५८-८०५. पोलिसांच्या हाती दुसऱ्या एका तक्रारीतून (ती पुढे येईल) आधीच असलेला नंबर होता ५८-८९५. एक आकडा सोडला तर तंतोतंत. मधल्या वेळात ती तपासणीसाठी रुग्णालयात होती आणि बाहेर उभ्या पोलीस गाडीच्या रेडिओवर तो नंबर पुन्हा पुन्हा सांगितला जात होता. आता या नव्या माहितीचं वजन किती धरायचं? माझ्या मते जवळजवळ शून्य. आणि त्यासाठी तिला खोटारडी ठरवण्याची काहीच गरज नाही. ऐकलेलं आणि पाहिलेलं यांची सरमिसळ सच्च्या माणसाचीही होते.

ओळख पटवण्याचंही तेच. वेगवेगळ्या माणसांच्या रांगेतून निवडायला न लावता पकडलेले तरुण थेट तिच्यापुढे उभे केले गेले. दफ्तरात ‘फिर्यादीने आरोपीस ओळखले’ असं वाक्य दिसलं की पेन्सिलीने बाजूला लिहा: कुठे, किती जणांतून, आणि त्याआधी कोणी काय सांगितलं होतं?

घड्याळ

इथे वेळ घालवा. बाकी सगळं घाईने वाचलं तरी चालेल, हे नाही.

वही आडवी धरून एक रेघ ओढा आणि तिच्यावर फक्त अशा वेळा टाका ज्या सांगणाऱ्याचं खटल्यात काही अडकलेलं नाही. फिर्यादीची वेळ नको, आरोपीची नको, दोघांच्या नातेवाइकांचीही नको. होनोलुलूची रेघ साधारण अशी होते. मध्यरात्री वाइकिकी पार्कातला नाच संपला आणि त्यानंतर आरोपी तरुण तिथून निघताना लोकांनी पाहिले. बाराच्या पुढे दहा-पंधरा मिनिटांच्या सुमारास जॉन एना रस्त्यावर हिरव्या पोशाखातली गोरी बाई चालताना काहींनी पाहिली. बारा पस्तीसच्या आसपास किंग आणि लिलिहा रस्त्यांच्या चौकात, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या अंगाला, याच तरुणांच्या गाडीची दुसऱ्या एका गाडीशी टक्कर होता होता वाचली. बारा पंचेचाळीसला त्याची तक्रार पोलीस ठाण्यात नोंदली गेली. आणि बारा पन्नासच्या सुमारास थेलिया मॅसी अला मोआनावर सापडली.

त्या तक्रारीकडे नीट बघा, कारण अशी नोंद दफ्तरात क्वचित मिळते. तक्रार करणारी अॅग्नेस पीपल्स नावाची हवाईची बाई. चौकात बाचाबाची झाली, गाडीतल्या जोसेफ कहाहावाईने (पुढे आरोपी झालेल्या पाच तरुणांपैकी एक) तिला मारलं, आणि ती तडक ठाण्यात जाऊन गाडीचा नंबर देऊन आली. ५८-८९५ तो हाच. तक्रार लिहिली गेली तेव्हा बलात्काराची फिर्याद अस्तित्वातच नव्हती, त्यामुळे कोणाला वाचवण्यासाठी वेळ पुढेमागे करण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय बाईचा कहाहावाईवर राग होता. आरोपीचा सर्वांत भक्कम बचाव त्याच्या वैरिणीच्या तोंडून आला. आईने किंवा मित्राने ‘तो घरीच होता’ म्हणणं आणि हे, यांना एकाच तागडीत टाकू नका.

आता या रेघेवर फिर्यादीची वेळ बसवून बघा. बाराच्या पुढे तिला गाडीत ओढलं, आडजागी नेलं, पाच-सहा वेळा अत्याचार केले, त्याला वीसेक मिनिटं लागली असं धरलं, तर त्याच मिनिटांना गाडी लिलिहाच्या चौकात आहे. सुरुवातीच्या जबाबात तिने नाइटक्लबमधून निघण्याची वेळ मध्यरात्रीच्या आसपासची सांगितली होती. खटल्यात ती साडेअकराच्या पुढे-मागे आली. वेळ अलीकडे ओढल्यावर ही अडचण सुटते, पण मग तरुण अजून नाचाच्या ठिकाणी आहेत आणि हिरव्या पोशाखातली बाई रस्त्यावर दिसायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ आहे. एक गाठ सोडवायला गेलं की दुसरी बसते. अशा वेळी साक्षीदाराच्या चारित्र्याबद्दल एक अक्षरही न लिहिता तुम्ही म्हणू शकता की ही साक्ष या रेघेवर बसत नाही.

आरोपींचं बोलणंही त्याच चाळणीतून काढा. आरोपींपैकी गाडी चालवणाऱ्या होरेस आयडाने सुरुवातीला गाडी दुसऱ्याला दिली होती असं सांगितलं, आणि ते खोटं होतं. सरकारी बाजूने या खोट्याचा साहजिकच उपयोग केला. पण त्या रात्री त्याच्या डोक्यावर दुसरं लफडं होतंच, चौकातल्या मारामारीचं. आरोपी खोटं का बोलला याची एकापेक्षा जास्त कारणं शक्य असतील तर ती सगळी लिहा, आवडीचं एक उचलू नका.

दोन प्रश्न एकात कालवू नका

‘अत्याचार झाला का’ आणि ‘तो यांनीच केला का’ हे दोन वेगळे प्रश्न. नवख्या वाचकांचा सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, आणि वकिलांनी तो मुद्दाम वाढवलेला असतो. थेलिया मॅसीचा जबडा कोणीतरी मोडला होता, हे निर्विवाद. घड्याळाने सिद्ध होतं ते एवढंच की हे पाचजण तिथे असणं फार कठीण होतं. त्यावरून ‘तिच्यावर काहीच झालं नाही’ या वाक्यावर उडी मारता येत नाही. दफ्तर वाचून झाल्यावर दोन स्वतंत्र पानांवर दोन स्वतंत्र उत्तरं लिहा.

डॉक्टरची साक्ष

जुन्या दफ्तरात डॉक्टरची साक्ष शास्त्राच्या अधिकाराने येते आणि न्यायाधीश तिच्यापुढे मान तुकवतात. पण डॉक्टरने पाहिलं काय आणि त्यावरून अनुमान काय काढलं, या दोन्हींच्या खाली वेगवेगळ्या रंगाने रेघा मारा. होनोलुलूत तपासणाऱ्या डॉक्टरला ताज्या बलात्काराची ठोस खूण मिळाली नाही, पण विवाहित स्त्रीच्या बाबतीत खूण नसणं म्हणजे काही घडलंच नाही असं नव्हे, हेही त्यात आलं. कपड्यांवरही काही मिळालं नाही. हे सगळं ‘सापडलं नाही’ या सदरात जातं. फुलमणीच्या बाबतीत शरीरावरची जखम आणि रक्तस्राव हा पाहिलेला भाग आहे आणि त्याबद्दल वाद नाही. हिंदुस्थानी दफ्तरांत ‘संभोगाची सवय असलेली’ अशा अर्थाचा शेरा वारंवार भेटेल. तो पाहिलेला भागही नाही आणि धड अनुमानही नाही. तो त्या काळच्या डॉक्टरी पुस्तकातून आलेला पूर्वग्रह आहे. नोंद करा, वजन देऊ नका.

स्वार्थ दोन्ही बाजूंना असतो

फुलमणीच्या खटल्यात एका मुद्द्यावर साक्षी थेट आमनेसामने आल्या: नवरा-बायको त्या रात्रीच्या आधी एकत्र झोपले होते का? आई, मावशी, आजी यांचं म्हणणं नाही. नवऱ्याचं म्हणणं हो. यात कोणाला काय मिळणार होतं ते मांडून बघा. आधी काही वेळा इजा न होता संबंध आला असेल, तर धोका कळला नाही असं नवऱ्याला म्हणता येतं आणि गुन्हा हलका होतो. उलट घरच्यांनी ‘हो’ म्हटलं असतं, तर एवढ्या लहान पोरीला त्यांनीच नवऱ्याच्या खोलीत पाठवलं असा अर्थ निघाला असता. दोघांनाही आपापली बाजू सांभाळायची होती. स्वार्थ आहे म्हणून साक्ष फेकायची ठरवली तर दोन्ही फेकाव्या लागतील आणि हातात काही उरणार नाही.

मग उरलेल्या गोष्टींकडे वळा. रक्ताने भिजलेली मुलगी पाहिल्याचं आईने सांगितलं. तिथे ती ऐकीव किंवा अंदाजाचं बोलत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगते, आणि वैद्यकीय पुरावा त्याला जुळतो. आधीच्या रात्रींबद्दल मात्र ती खोलीबाहेरची साक्षीदार आहे. एकाच माणसाच्या साक्षीचे असे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला वेगळं वजन देता येतं, द्यायलाच हवं. ज्यूरीने हरिमोहनला अविचाराने गंभीर दुखापत केल्याबद्दल दोषी धरलं आणि वर्षभर सक्तमजुरी झाली.

कागदावरचा आवाज कोणाचा?

‘मी रडले. मी ओरडले. माझे वस्त्र फाटले.’ असा जबाब वाचला की बाई समोर बोलते आहे असं वाटतं. ती असं बोललेली नसते. फौजदारी कार्यपद्धतीप्रमाणे जबाब सहसा प्रश्नोत्तरांच्या रूपात न लिहिता सलग निवेदनात लिहीत. वकिलाने विचारायचं ‘तू ओरडलीस का?’, तिने मान हलवायची किंवा ‘हो’ म्हणायचं, आणि कागदावर उतरायचं ‘मी ओरडले’. प्रश्न पुसला जातो. त्यातून बाई मराठीत किंवा बंगालीत बोलणार, दुभाषा इंग्रजीत सांगणार, साहेब आपल्या हाताने टिपण करणार. म्हणून ‘आधी म्हणाली ढकललं, नंतर म्हणाली ओढलं’ अशा शब्दाशब्दांच्या विसंगतीवर इमारत उभी करू नका. देशी भाषेतली मूळ नोंद दफ्तरात असेल तर आधी ती वाचा. मोडीत असेल तर मोडी शिका किंवा जाणकाराला गाठा. इंग्रजी उताऱ्यावर भागवू नका.

उलटतपासणीचा भाग वेगळा वाचा. एकापाठोपाठ एक तुटक, असंबद्ध वाक्यं दिसली (‘मी त्या घरी जात असे. तो माझा नातलग नाही. मी पूर्वी मुंबईस होते.’) तर मधले गाळलेले प्रश्न अंदाजाने परत लिहून काढा. बहुतेक वेळा ते चालचलणुकीवरचे असतात. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात बलात्काराच्या फिर्यादीत स्त्रीची चालचलणूक एकूणच वाईट होती असं दाखवून तिची विश्वासार्हता खोडायला उघड परवानगी होती. ती तरतूद निघायला २००२ ची दुरुस्ती यावी लागली. म्हणजे हे वकिलाचं आगाऊपण नव्हतं, राजमार्ग होता.

कोर्टाबाहेर काय चाललं होतं

शेवटी दाराबाहेर डोकवा. होनोलुलूत नौदल आणि गोऱ्यांची वर्तमानपत्रं आरोपींना आधीच गुन्हेगार ठरवून मोकळी झाली होती. वेगवेगळ्या वंशांच्या लोकांच्या ज्यूरीचं ९७ तास बसूनही एकमत झालं नाही आणि ६ डिसेंबर १९३१ रोजी खटला अनिर्णित सुटला. त्यानंतर खलाशांनी आयडाला उचलून नेऊन बदडलं. ८ जानेवारी १९३२ रोजी थेलियाची आई ग्रेस फोर्टेस्क्यू, थेलियाचा नवरा आणि दोन खलाशांनी कहाहावाईला पळवून नेलं आणि तो गोळी लागून मेला. मृतदेह गाडीतून नेताना पोलिसांनी त्यांना पकडलं. क्लॅरेन्स डॅरोसारखा नामांकित वकील असूनही चौघे सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरले. शिक्षा दहा वर्षांची, आणि गव्हर्नर लॉरेन्स जड यांनी ती एका तासावर आणली. तो तास त्यांनी गव्हर्नरच्याच कचेरीत काढला.

पुढे गव्हर्नरने नेमलेल्या पिंकर्टन गुप्तहेर संस्थेने चौकशी करून त्या तरुणांनी हे केल्याला आधार मिळत नाही असा अहवाल दिला आणि १९३३ मध्ये त्यांच्यावरचे आरोप मागे घेतले गेले. हा अहवालही डोळे झाकून घेऊ नका. तो कोणी मागवला, कोणाशी बोलून केला, हे प्रश्न त्यालाही लागू. माझ्यापुरतं म्हणाल तर अहवाल नसता तरी अॅग्नेस पीपल्सची तक्रार मला पुरेशी वाटली असती.

लिहायला बसताना

आता निकालपत्राची क्लिप काढा. न्यायाधीशाने कुठली साक्ष का मानली ते तुमच्या रकान्यांशी ताडून पाहा. जिथे तो ‘या वर्गाच्या स्त्रिया’, ‘नेटिव्ह साक्षीदारांची सवय’ असं काही म्हणतो, तिथे पुराव्याची जागा समजुतीने घेतली आहे. तो उतारा जसाच्या तसा उद्धृत करा.

मग निष्कर्षाच्या पायऱ्या शब्दांतच ठेवा. ‘शाबीत आहे’, ‘बहुधा असं घडलं’, ‘दोन्ही शक्य’, ‘साक्ष टिकत नाही’, ‘दफ्तरावरून सांगता येत नाही’. यातला एकेक शब्दप्रयोग ठरवून घ्या आणि लेखभर त्याच अर्थाने वापरा. होनोलुलूबद्दल मी असं लिहीन: थेलिया मॅसीला त्या रात्री मारहाण झाली हे शाबीत आहे, ती या पाचजणांनी केली ही साक्ष टिकत नाही, कोणी केली आणि लैंगिक अत्याचार झाला का, हे दफ्तरावरून सांगता येत नाही. फुलमणीबद्दल: मृत्यूचं कारण शाबीत आहे, आधीच्या सहवासाबद्दल दोन्ही शक्य, मुलीचं स्वतःचं म्हणणं दफ्तरात नाही, आणि कायद्याने ते मागितलंही नव्हतं. संपादकाला हे अर्धवट वाटेल आणि तो ठाम निष्कर्ष मागेल. त्याला रकाने पाठवून द्या.